क्लास डी म्हणजे डिजिटल नव्हे

‘ॲम्प क्लास डी घेतोय, म्हणजे डिजिटलच आहे, मग वेगळा डॅक कशाला?’ हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातोय. (ॲम्प म्हणजे सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर, क्लास डी ही त्याची एक पद्धत, आणि डॅक म्हणजे आकड्यांतलं गाणं पुन्हा विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र.) त्याचं जुळं भावंडही तितक्याच नेमाने येतं: ‘माझ्याकडे रेकॉर्ड्स आहेत, डिजिटल आवाज मला नको, म्हणून क्लास डी नको.’ पहिला माणूस डॅक न घेता ॲम्प घरी आणतो आणि मागे फक्त ॲनालॉग सिग्नलचे दोन गोल आरसीए सॉकेट बघून गोंधळतो. दुसरा माणूस त्याच्या खोलीला आणि स्पीकरला अगदी योग्य असा ॲम्प केवळ एका अक्षरापायी नाकारतो. दोघांचीही फसवणूक एकाच गैरसमजाने केलेली असते, आणि तो गैरसमज विक्रेत्यांच्या जाहिरातींनीही मनापासून जोपासलाय.

नावाचं आधी उरकू. ॲम्प्लिफायरचे ए, बी, एबी आणि सी हे वर्ग ठरून गेले होते. सी रेडिओ ट्रान्समीटरसाठी वापरात होता. नवीन पद्धत आली तेव्हा पुढचं अक्षर डी होतं, म्हणून डी. पुढे जी आणि एचसुद्धा आले, त्यांचा अर्थ कुणी शोधत बसत नाही. सिंक्लेअर कंपनीने ब्रिटनमध्ये एक्स-१० नावाचा क्लास डी ॲम्प विकायला काढला तो १९६०च्या दशकाच्या मध्यात. त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करायला पुरेसे नव्हते, त्यामुळे तो फारसा चालला नाही, पण होता तो क्लास डीच. सीडी बाजारात आली १९८२ साली. घरात एकही डिजिटल गाणं नव्हतं तेव्हा क्लास डी होता.

डिजिटल ध्वनी म्हणजे काय हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून दोनच वाक्यं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेला आकडा असतो. काळाचेही तुकडे आणि उंचीचेही तुकडे, असा दुहेरी हिशेब.

नेहमीचा क्लास एबीही बहुतेकांना परिचयाचा आहे. त्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून स्पीकरकडे जाणारा प्रवाह कमी-जास्त करतात, आणि त्या अर्धवटपणात वीज उष्णता होऊन वाया जाते. म्हणून ती उष्णता बाहेर टाकणारे ते भलेमोठे धातूचे हीटसिंक. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट अवस्था जवळजवळ नसल्याने पूर्ण ताकदीवर ९० टक्के आणि त्याहून जास्त वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. एबीच्या जवळच्या क्लास बीची सैद्धान्तिक कमाल ७८.५ टक्के आहे, आणि गाणं हळू आवाजात वाजत असताना टक्केवारी आणखी बरीच घसरते. उष्णतेचा विषय इथेच संपला.

खरी मेख आता. ‘पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद’ हे ऐकलं की लगेच डोक्यात येतं: दोनच अवस्था, म्हणजे शून्य आणि एक, म्हणजे डिजिटल. इथेच जवळपास प्रत्येकाचा पाय घसरतो, अगदी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांचाही.

थर्मोस्टॅटवाली इस्त्री घ्या. तिच्यातलं कॉइल एकतर चालू असतं नाहीतर बंद. तिसरी अवस्था नाही. तरी तळ हवा तितका गरम राहतो, कारण कॉइल किती वेळ चालू आणि किती वेळ बंद राहील हे कमी-जास्त होतं. त्या ‘किती वेळ’ला कुठलीही पायरी नाही. पाच सेकंद, सव्वापाच सेकंद, त्यांच्यामधला कुठलाही क्षण. या इस्त्रीला आपण डिजिटल म्हणत नाही.

क्लास डीचं अगदी हेच आहे, फक्त वेग प्रचंड. साध्या मांडणीत आत येणारा सिग्नल एका त्रिकोणी लहरीशी सतत ताडून पाहिला जातो. सिग्नल वर असेल तर ट्रान्झिस्टर एका बाजूला, खाली असेल तर दुसऱ्या बाजूला. ही लहर सेकंदाला समजा चार लाख वेळा येत असेल, तर एक फेरी अडीच मायक्रोसेकंदांची. त्या अडीच मायक्रोसेकंदांत पल्स, म्हणजे चालू अवस्थेचा तुकडा, किती रुंद असेल, हे दोन रेषा एकमेकींना जिथे छेदतील तिथे ठरतं, आणि त्या कुठेही छेदू शकतात. व्होल्टेजच्या पातळ्या दोन आहेत हे खरं, पण गाणं त्या पातळ्यांत नाही. गाणं पल्सच्या रुंदीत आहे, आणि रुंदी अखंड आहे. माहिती ज्या राशीत साठवली ती राशी अखंड असेल, तर तो सिग्नल ॲनालॉग. आकडा कुठेच तयार झालेला नाही.

अजून पटत नसेल तर घड्याळ शोधा. डिजिटल ध्वनियंत्रणा आतल्या घड्याळाच्या, म्हणजे ठरलेल्या गतीने ठोके देणाऱ्या सर्किटच्या, ठोक्याशिवाय चालत नाही. इंजिनिअर ब्रूनो पुट्झेइस यांनी फिलिप्समध्ये असताना क्लास डीची जी यूसीडी पद्धत विकसित केली, तिच्यात त्रिकोणी लहरसुद्धा नाही. फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत आत आणून ताडून पाहण्याचा, फेराच असा बांधलेला असतो की तो स्वतःहून आंदोलत राहतो, आणि आवाज वाढला की त्या आंदोलनाची गतीही सरकते. ज्याला ठरलेला ठोकाच नाही त्याला डिजिटल कोणत्या तोंडाने म्हणायचं?

माझ्या मते सगळ्यात निर्णायक कसोटी वेगळीच आहे: कोणती चूक माफ होते? डिजिटल केबलमधून जाणारी पल्स जराशी बसकी झाली, तिची कड थोडी घसरली, तरी पलीकडचा रिसीव्हर तिला ‘एक’ म्हणूनच वाचतो आणि आकडा जसाच्या तसा राहतो. डिजिटलचं सगळं बळ या माफीत आहे. क्लास डीच्या आउटपुटला अशी माफी नाही. पॉवर सप्लाय एका व्होल्टने खचला तर आवाज तेवढ्या प्रमाणात खचतो, कारण स्पीकरला मिळणारं व्होल्टेज म्हणजे पल्सची रुंदी गुणिले सप्लायचं व्होल्टेज. कड काही नॅनोसेकंद उशिरा आली तर तीही चूक आवाजात उतरते. आउटपुटला सप्लायच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जोडणारे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी उघडे राहिले तर सप्लाय शॉर्ट होईल, म्हणून दोघांच्या मध्ये एक बारीकसा रिकामा अवधी ठेवावाच लागतो, आणि तेवढ्या अवधीनेही डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची विकृती, वाढतं. या चुका निस्तरायला फीडबॅक लागतो, अगदी जुन्या क्लास एबीला लागतो तसाच. म्हणूनच क्लास डी ॲम्प चांगला की वाईट हे सप्लाय, फिल्टर आणि फीडबॅक अशा अस्सल ॲनालॉग गोष्टींवर ठरतं.

मग खरा डिजिटल ॲम्प असतो का? असतो. त्यात डॅक न वापरता आकड्यांवरून थेट गणिताने पल्सची रुंदी काढली जाते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेला टॅक्ट कंपनीचा मिलेनियम ॲम्प हा याचा गाजलेला नमुना. त्यामागचं तंत्र टोकाटा या डॅनिश कंपनीचं होतं, आणि २००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती कंपनी घेतली. या जातीत मात्र पल्सची कड घड्याळाच्या ठोक्यावरच पडू शकते, मधे कुठेही नाही. सेकंदाला ३,८४,००० पल्स आणि प्रत्येकीच्या रुंदीला १६ बिटांच्या ६५,५३६ पायऱ्या हव्या असतील, तर घड्याळ सुमारे २५ गिगाहर्ट्झचं लागेल. ते व्यवहार्य नाही. म्हणून पायऱ्या २५६च्या आसपास ठेवायच्या, म्हणजे घड्याळ ९८ मेगाहर्ट्झवर भागतं, आणि पायऱ्या कमी केल्यामुळे आलेली खरखर नॉइज शेपिंगने कानाच्या पट्ट्याबाहेर ढकलायची. हे गणित सुंदर आहे, आणि साध्या क्लास डीला त्याची गरजच पडत नाही.

म्हणजे नातं असं: आकड्यांवरून थेट पल्स काढणाऱ्या या डिजिटल ॲम्पचा शेवटचा टप्पा क्लास डीच असतो, पण प्रत्येक क्लास डी डिजिटल नसतो. आणि त्या शेवटच्या टप्प्यात आकडे संपून सप्लायचं राज्य सुरू होतं. मिलेनियममध्ये आवाज कमी-जास्त करायला सप्लायचं व्होल्टेजच बदलत असत, यावरून काय ते समजा. फीडबॅक नसलेल्या डिजिटल ॲम्पमध्ये सप्लायची प्रत्येक गुरगुर आवाजात येते. हल्लीच्या अनेक डिजिटल इनपुटच्या चिपमध्ये म्हणूनच फीडबॅक आत बसवलेला असतो.

माझ्या एका मित्राची गोष्ट इथे सांगायलाच हवी. रेकॉर्ड्सवर त्याचा जीव. डिजिटल नको म्हणून त्याने क्लास डी टाळला आणि हीटसिंकवाला एबी ॲम्प घेतला, नेटवर्क स्ट्रीमिंग आणि रूम करेक्शनसकट, म्हणजे खोलीनुसार आवाज सुधारून घेण्याच्या सोयीसकट. मॅन्युअल उघडून पाहिलं तर त्यातलं प्रत्येक ॲनालॉग इनपुट आधी आकड्यांत बदलून घेतलं जात होतं, कारण रूम करेक्शन आकड्यांवरच चालतं. जे त्याला नको होतं तेच तो रोज ऐकत होता, आणि साध्या ॲनालॉग इनपुटच्या क्लास डीमध्ये त्याच्या रेकॉर्डचा सिग्नल एकदाही आकडा झाला नसता. आवाज वाईट नव्हता, पण ज्या कारणासाठी त्याने निवड केली ते कारण डब्यात नव्हतंच.

तेव्हा घेताना ‘डिजिटल आहे का’ असं मोघम विचारू नका. विचारायचं ते हे: माझा सिग्नल या डब्यात कुठे आकड्यांतून बाहेर येतो, किंवा कुठे आकड्यांत जातो? मागे फक्त ॲनालॉगचे आरसीए किंवा एक्सएलआर सॉकेट असतील तर डिजिटल सिग्नल घ्यायची सोय आत नाही, डॅक वेगळा हवा. ऑप्टिकल सॉकेट असेल तर आत एकतर डॅक आणि ॲनालॉग क्लास डी आहे, नाहीतर थेट डिजिटल इनपुटची चिप. टीव्ही, स्ट्रीमिंग, सबवूफरचा क्रॉसओव्हर (खालचे सूर सबवूफरकडे वळवणारी विभागणी) हे सगळं एका डब्यात हवं असणाऱ्याला डिजिटल इनपुटचा प्रकार खरंच सोयीचा. रेकॉर्ड प्लेअर किंवा मनासारखा डॅक आधीच असेल, तर माझी पसंती निःसंशय ॲनालॉग इनपुटच्या क्लास डीला.

त्यातही फीडबॅक फिल्टरच्या नंतर घेतलेला असावा, या मुद्द्यावर मी हट्टी आहे. पल्सचं परत गाणं करायला आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. फीडबॅक त्याच्या आधीच घेतला असेल तर फिल्टर स्पीकरच्या भरवशावर राहतो: ८ ओहमच्या स्पीकरला २० किलोहर्ट्झजवळ आवाज किंचित चढतो, ४ ओहमच्या स्पीकरला किंचित पडतो. नेहमीच्या किमतींच्या फिल्टरमध्ये दोघांतला फरक एखाद्या डेसिबलचा भरतो. क्लास डी ‘कर्कश’ किंवा ‘मिटलेला’ वाटतो अशी जी तक्रार येते, तिच्यामागे पुष्कळदा हे असतं, आणि खापर डिजिटलवर फुटतं. फीडबॅक फिल्टरनंतर घेतला की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. ४ आणि ८ ओहमचे आलेख दोन्ही दाखवणाऱ्या उत्पादकावर मी जास्त विश्वास ठेवतो.

वॅटच्या आकड्यांची मला मनापासून चीड आहे. ते बहुतेकदा ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले असतात. टीपीए ३२५५ या लोकप्रिय चिपचे ३१५ वॅट असेच आहेत, १ टक्क्याला तीच चिप २६० देते. कानाला हा फरक एका डेसिबलहूनही कमी आहे, पण १० टक्के डिस्टॉर्शनला गाणं ऐकवत नाही, म्हणून तो आकडा छापूच नये. त्यापेक्षा स्वतः हिशेब करा. स्पीकरची दोन्ही टोकं चालवणाऱ्या, म्हणजे ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये सप्लायच्या व्होल्टेजचा वर्ग करून त्याला ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर: ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. डब्यावर १०० लिहिलेलं असो की २००, त्या ॲडॉप्टरवर विद्रूप न होता याहून जास्त निघणार नाही. ४८ व्होल्टला हाच आकडा १४४ होतो. मध्यम खोलीत बऱ्या संवेदनशीलतेच्या स्पीकरला ३६ वॅट पुष्कळ होतात, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

आणि ब्रिज पद्धतीचा विषय निघालाच आहे तर: अशा ॲम्पचं काळं टर्मिनल अर्थ नसतं, तेही लाल टर्मिनलइतकंच जिवंत असतं. डाव्या-उजव्या चॅनलची काळी टर्मिनलं एकत्र जोडणं, किंवा स्पीकरच्या तारेवरून सबवूफरला सिग्नल देताना काळी तार सबवूफरच्या अर्थला लावणं, यात चिप जळू शकते. जुन्या ॲम्पची जोडणी नव्यावर जशीच्या तशी उचलण्याआधी सबवूफरच्या मॅन्युअलमध्ये ब्रिज ॲम्पसाठी वेगळी जोडणी दिली आहे का ते पाहा.