ड्रायसूटच्या आतील उबदार पोशाख

अतिथंड पाण्यात बुडी मारणारे पाणबुडे जलरोधक ड्रायसूटच्या आत जो अंगभर पोशाख घालतात तो. सूट अंग कोरडे ठेवतो. ऊब टिकवतो तो हा पोशाख. त्यातही कापडापेक्षा मोलाचा असतो तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेला वायू. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट असते. त्यामुळे काही मिलिमीटर जाडीचा हा वायूचा थर नाहीसा झाला, तर नुसते कोरडे राहून भागत नाही. ऑगस्टस सीबे यांनी १८३७ मध्ये बनवलेल्या बंद पोशाखाच्या काळीही पाणबुडे आत लोकरीचे जाड कपडे घालत.

निवड सूटच्या प्रकारावर अवलंबून असते. फोम निओप्रीनच्या (बुडबुडे असलेल्या कृत्रिम रबराच्या) सूटला स्वतःची काही ऊब असते, मात्र खोलवर त्यातले बुडबुडे दबले की ती घटते. कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर असलेल्या ट्रायलॅमिनेट सूटला अशी ऊब जवळजवळ नसते. तिथे सगळा भार आतल्या पोशाखावर येतो.

हाताला फुगीर लागणारा पोशाख पाण्यात तसाच राहत नाही, ही गोष्ट निवड करताना सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. पाणबुड्या उभा असला की त्याच्या पायांवर छातीपेक्षा जास्त दाब असतो. सूटमधला वायू वर सरकतो आणि पोटऱ्यांवरचे कापड चेपते. आडवे पोहताना पोट आणि छाती यांची तीच गत होते. म्हणून मूळ जाडीपेक्षा, दाबाखाली कापड किती जाड राहते हे पाहावे. फ्लीस लवचीक आणि धुवायला सोपे असते, पण सहज दबते. थिन्सुलेटचे अतिसूक्ष्म कृत्रिम तंतू कमी जाडीत जास्त ऊब देतात आणि पाणी जवळजवळ शोषत नाहीत. सूटमध्ये पाणी शिरले तर हा गुण जीव वाचवू शकतो. लोकर ओलसर असतानाही उबदार राहते, मात्र वाळायला वेळ घेते. पिसांचे भरण भिजले की बसते. सुती कापड तर अंगाला लागूच देऊ नये: ते घाम धरून ठेवते, आणि बुडीपूर्वी किनाऱ्यावर सूट चढवतानाच घाम येतो. त्वचेलगत मेरिनो लोकर किंवा पॉलिप्रॉपिलीन यांचा घाम बाहेर खेचणारा पातळ थर हवा.

जास्त जाड पोशाख म्हणजे जास्त वायू, त्यामुळे जास्त तरंगणे, आणि बुडण्यासाठी तेवढे जास्त शिसे कमरेला. वर येताना हा वायू प्रसरण पावतो. तो साधारणपणे डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर पडतो, त्यामुळे पोशाखातून वायू मोकळेपणी वाहिला पाहिजे आणि सुटे तंतू झडपेत अडकता कामा नयेत. पोशाख व सूट घालून उकिडवे बसता आले पाहिजे, डोक्यामागच्या टाकीच्या झडपेपर्यंत हात पोचला पाहिजे. पायांत मोज्यांची दाटी झाली तर रक्तप्रवाह अडतो आणि बोटे उलट अधिक गारठतात.

ऊब पुरते की नाही हे पहिल्या दहा मिनिटांवरून ठरवू नये. कसोटी लागते ती वर येताना शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून घेतलेल्या थांब्यांवर, हालचाल जवळजवळ बंद असताना. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटच्या २००७ मधील अहवालानुसार, तळाशी उबदार आणि थांब्यांवर थंड राहिलेल्या पाणबुड्यांना विसंपीडन आजाराचा (दाब घटताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचा) धोका जास्त असतो. उलट क्रम सुरक्षित ठरतो. म्हणून विजेवर तापणारे जाकीट तळाशीच पूर्ण चालवून बॅटरी संपवणे घातक आहे. ते मधेच बंद पडले तरी थांबे पुरे करता येतील एवढी ऊब साध्या पोशाखातच असावी.

सूट फुगवायला, खोल बुडीत श्वसनासाठी नेलेले हेलियममिश्रण वापरू नये. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो. धुताना कापड मऊ करणारी रसायने टाळावीत, कारण त्यांचा लेप तंतूंवर बसून घाम खेचण्याची क्षमता कमी होते.