महिला, शांतता आणि सुरक्षा (ठराव १३२५)

युद्ध, दंगल, तह यातले निर्णय घेताना बायकांना बरोबरीनं बसवायचं आणि संघर्षात त्यांच्यावर होणारे अत्याचार हा सुरक्षेचाच प्रश्न मानायचा, असं हे आंतरराष्ट्रीय धोरण. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० ला ठराव १३२५ एकमतानं पास केला, तिथून याची सुरुवात. पुढे २००८ च्या ठराव १८२० नं लैंगिक अत्याचार युद्धाचा डावपेच म्हणून वापरले जातात हे स्पष्ट मान्य केलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण लायबेरियाचं, पश्चिम आफ्रिकेतल्या यादवी युद्धानं होरपळलेल्या देशाचं. २००३ मध्ये राजधानी मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून रोज बसायच्या, उन्हापावसात, मागणी एकच की लढाई थांबवा, आणि घानात बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारंच अडवली, ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा ग्बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. भारतानंही २००७ मध्ये त्याच देशात सीआरपीएफच्या महिलांची तुकडी पाठवली, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी, खरंच अभिमानाची गोष्ट. तरी १९९२ ते २०१९ मधल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत करारावर सही करणाऱ्यांमध्ये बायका जेमतेम ६ टक्के. शंभरहून जास्त देशांनी या ठरावासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केलाय, भारतानं अजून नाही.

कोकणाला हा विषय लांबचा नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांसाठी आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं, २००८ ला हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले, मग सागरी पोलीस ठाणी, गस्ती बोटी, गावागावात सुरक्षा दल हे सगळं वाढलं. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै किंवा मिरकरवाड्याला बंदरावर बघा, लिलावात बोली लावणारी, पाट्या भरणारी, मासळी सुकवणारी बाईच असते, कुठली होडी कुणाची आणि कुठला माणूस अनोळखी हे तिला कुणाला न विचारता कळतं. सुरक्षेच्या बैठकीत मात्र बहुतेक खुर्च्यांवर होडीमालक आणि तांडेल (होडी चालवणारे प्रमुख) पुरुषच, हे बदलायलाच हवं, आणि त्यासाठी न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रांची वाट बघायला नको, मच्छीमार सोसायटीतून बायकांची नावं घ्यायची आणि बैठक लिलावाच्या वेळेला ठेवायची नाही, कारण त्या वेळी धंदा सोडून कोण येणार.