गॅस्ट्रिक बँड: जठर न कापता भूक आवरणारा पट्टा

वजन कमी करण्यासाठी अमेरिकेत २०११ साली जी ऑपरेशनं झाली, त्यांत साधारण दर तिसऱ्या रुग्णाच्या जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवला गेला. २०१९ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली घसरलं. पट्टा घातक ठरला म्हणून सरकारने बंदी आणली, असं काही झालं नव्हतं. मग सर्जन मंडळींनीच त्याच्याकडे पाठ का फिरवली?

रचना तशी सुटसुटीत. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या किंचित खाली पट्टा गुंडाळतात. त्याच्या वर जठराचा जेमतेम १५-२० मिलिलिटरचा कप्पा उरतो, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पाणी मावेल एवढा. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. फुग्यापासून निघालेली नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका छोट्या डबीला जोडतात. या डबीला पोर्ट म्हणतात. कातडीतून सुई टोचून पोर्टमध्ये सलाईन भरलं की फुगा फुगतो आणि अन्नाची वाट अरुंद होते. सलाईन काढून घेतलं की वाट पुन्हा मोकळी. जठर कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, आणि वेळ आली तर पट्टा काढूनही टाकता येतो.

असा सैल-घट्ट करता येणारा पट्टा न्यू जर्सीतले सर्जन लुबोमिर कुझमॅक यांनी १९८६ मध्ये वापरायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये त्याच सुमारास वेगळ्या बनावटीचा पट्टा तयार झाला. पण तेव्हा पोट मोठं उघडावं लागे. इथिओपियात जन्मलेले मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये बेल्जियममध्ये तो दुर्बिणीतून बसवला आणि चित्र पालटलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'लॅप-बँड' या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा पट्ट्याला मान्यता दिली.

मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो तो पट्ट्याच्या कामाचा उलगडा. वरचा कप्पा इवलासा, तो चार घासांत भरतो, म्हणून माणूस कमी जेवतो, अशी सरळ समजूत होती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा वेगळंच दिसलं. पट्टा नीट जुळवलेला असेल तर कप्प्यात अन्न साठून राहतच नाही. घास पट्ट्याशी येतो, अन्ननलिकेच्या आकुंचनाच्या काही लाटा त्याला थोडा थोडा पुढे रेटतात आणि मिनिटभरात तो पलीकडे जातो. एवढ्या वेळात तिथल्या भिंतीवर दाब पडतो. तिथली मज्जातंतूंची टोकं हा दाब टिपतात आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो, असं या संशोधकांचं अनुमान आहे. दुसऱ्या एका प्रयोगात पट्टा योग्य घट्ट आहे की सैल केलाय हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. तरीही पट्टा योग्य घट्ट असताना सकाळी उपाशीपोटीसुद्धा भूक कमी वाटल्याचं त्यांनी नोंदवलं. पोटात काहीच नसताना! म्हणजे हा पट्टा अन्नाला घातलेला बांध नव्हता, भुकेशी चाललेली वाटाघाट होती.

म्हणूनच 'जरा आणखी घट्ट करा, वजन लवकर उतरेल' हा हट्ट अंगाशी येतो. पट्टा फार आवळला की भाकरीचा तुकडा अडकतो, भाताचा गोळा होतो, उलटी होते. पातळ आणि गोड पदार्थांना मात्र कसलीच आडकाठी नसते. बासुंदी, आइस्क्रीम, उसाचा रस सरळ खाली उतरतात. मग माणूस नकळत त्यांच्याकडे वळतो आणि त्रास सोसूनही वजन जागचं हलत नाही.

पट्टा कुचकामी होता म्हणावं, तर तसंही नाही. नुकताच मधुमेह झालेल्या ६० लठ्ठ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पट्टा बसवलेल्या गटात ७३ टक्के रुग्णांची साखर औषधांविना आटोक्यात होती. नेहमीचे उपचार घेतलेल्यांत १३ टक्क्यांची. मेलबर्नच्याच एका केंद्राने १५ वर्षांनंतरही रुग्णांचं जादा वजन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी राहिल्याचं नोंदवलं. ब्रसेल्सचा २०११ चा अहवाल मात्र उलट सूर लावतो. १२ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर जे रुग्ण तपासणीसाठी सापडले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता आणि २८ टक्के रुग्णांत तो जठराच्या भिंतीत रुतला होता.

एकाच जातीच्या उपकरणाचे निकाल इतके वेगळे का? बसवण्याचं तंत्र पुढे सुधारलं, हे एक कारण. माझ्या मते त्याहून मोठं कारण पाठपुरावा. वजन उतरतं तसा पट्टा पुन्हा जुळवावा लागतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. ऑपरेशन तासाभराचं, सेवा जन्मभराची. मेलबर्नकडे त्यासाठी घडी बसलेली यंत्रणा होती. बाकी बहुतेक ठिकाणी नव्हती. पट्टा सरकणं, नळी गळणं, पोर्टला जंतुसंसर्ग या कटकटी वेगळ्याच. अमेरिकेच्या मेडिकेअर विम्यातल्या २५,०४२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १८.५ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झालेली आढळली, तीही माणशी सरासरी जवळपास चार.

तोवर स्लीव्ह शस्त्रक्रिया आली होती. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होत असल्याने तेही घटतं. ना सुई, ना सलाईन, ना दर काही आठवड्यांची खेप. कापलेलं जठर परत येत नाही, पण रुग्ण आणि सर्जन दोघांनाही तो सौदा सोयीचा वाटला.

ज्यांच्या पोटात अजून पट्टा आहे, त्यांनी सगळं सुरळीत असलं तरी तपासणी सोडू नये. थुंकीसुद्धा गिळता येईनाशी झाली, वारंवार उलट्या किंवा पोटात जोराची कळ सुरू झाली, तर पट्टा सरकलेला असू शकतो; तेव्हा थेट रुग्णालय गाठावं. भूक अचानक पूर्वीसारखी लागू लागली, तर नळी गळत असण्याची किंवा पट्टा रुतल्याची शंका घ्यावी. पट्टा असलेल्या बाईला दिवस गेले, तर तिने सर्जनला लगेच कळवावं: उलट्यांचा त्रास वाढला किंवा पोषण कमी पडू लागलं, तर फुग्यातलं सलाईन काढून पट्टा सैल करता येतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा भरता येतो.