इलिझारोव्ह पद्धत

न जुळलेले, वाकडे किंवा आखूड राहिलेले हाड शरीराबाहेरच्या कड्यांच्या सांगाड्यात धरून हळूहळू ताणण्याची आणि पडणाऱ्या फटीत नवे हाड तयार करवून घेण्याची शस्त्रक्रिया. रुग्णांच्या बोलण्यात मात्र ‘रिंग बसवली’ एवढेच.

सोव्हिएत डॉक्टर गाव्रिइल इलिझारोव्ह (१९२१–१९९२) यांनी ती पश्चिम सायबेरियातील कुर्गान येथे १९५० च्या दशकात विकसित केली. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो काळ. हाडे जुळत नाहीत, जखमा वाहतात, असे रुग्ण त्यांच्यापुढे होते. मोडलेले हाड निश्चल ठेवावे, हा तेव्हाचा सर्वमान्य नियम. इलिझारोव्ह यांनी दाखवले, की बेताने ताणलेल्या ठिकाणी हाडच नव्हे, तर स्नायू, त्वचा आणि रक्तवाहिन्याही वाढतात.

हाडातून १.५ ते १.८ मिमी जाडीच्या तारा आरपार घालून त्या कड्यांवर ताणून बसवतात. सायकलच्या चाकातील आऱ्यांसारखेच हे : तार बारीक, पण ताणामुळे भार पेलते. त्यामुळे रुग्ण लवकर पाय टेकू शकतो. हाड कापताना भोवतीचे आवरण आणि रक्तपुरवठा शक्य तितका राखतात. पाच-सात दिवस थांबून मग रोज १ मिमी ताण देतात, तोही एकदम नव्हे, तर पाव-पाव मिमी चार वेळा. घाई केली तर फट भरत नाही आणि नसा ओढल्या जातात. रेंगाळले तर हाड मुदतीआधीच जुळून बसते. नट फिरवण्याचे हे काम घरी रुग्ण किंवा घरचेच पान्याने करतात. एक्स-रेमध्ये फटीत आधी धूसर रेघा दिसतात. त्या दाट झाल्याशिवाय रिंग निघत नाही. पाच सेंटीमीटर लांबी मिळवायला पाच-सहा महिने, कधी जास्तही. तारांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग ही नेहमीची कटकट. रोजची स्वच्छता चुकवून चालत नाही.

संसर्ग झालेला हाडाचा तुकडा काढून टाकावा लागला, तर निरोगी हाडाचा भाग कापून ड्रॉवरसारखा त्या पोकळीकडे सरकवतात. मागे नवे हाड भरत जाते. पद्धतीची खरी करामत इथे दिसते.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णविजेता वालेरी ब्रुमेल याचा पाय १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात मोडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला. पश्चिम युरोपला हे तंत्र खऱ्या अर्थाने कळले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये कुर्गानहून जुन्या मोडीतून बरा होऊन परतला. पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानाला बोलावले गेले.

आता संगणकाने ताणाचे वेळापत्रक आखून देणाऱ्या रिंगा आल्या आहेत; बाहेरून चुंबकाने लांबवता येणारा रॉड हाडाच्या आतच बसवता येतो. रोजचा वेग मात्र आजही साधारण तोच, १ मिमी.