2,250 कॅलरींची पट्टी

मार्केट यार्डात पोती वाहणारा चाळिशीचा हमाल घ्या, वजन 50 किलो. नुसतं पडून राहायचं म्हटलं तरी त्याच्या शरीराला दिवसाला सुमारे 1,450 किलोकॅलरी लागतात (बोलताना आपण यांनाच कॅलरी म्हणतो). हिशोब सोपा आहे. तीस ते साठ वयाच्या पुरुषासाठी वजनाला 11.5 ने गुणायचं आणि त्यात 873 मिळवायचे. आलेल्या आकड्याला मग कामाच्या गुणकाने गुणायचं. बैठ्या-हलक्या कामाचा गुणक साधारण 1.55, तर ओझी वाहणाऱ्याचा 2.2 च्या आसपास. म्हणजे हाच माणूस गल्ल्यावर बसला तर त्याला 2,250 कॅलरी पुरतात आणि पोती उचलायला लागला की 3,190 लागतात. मधला फरक 940 कॅलरींचा, म्हणजे जवळपास 280 ग्रॅम ज्वारीचं पीठ. तव्यावरच्या हिशोबात बेताच्या तीन भाकरी. हमालांची संघटना असलेल्या हमाल पंचायतीचं ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र 1974 पासून पुण्यात चालू आहे. तिथे भाकरीला एवढं मोल का, ते या तीन भाकरींवरून कळतं.

2,250 हा आकडा इथे योगायोगाने आला खरा, पण पुण्याशी त्याचं जुनं नातं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी गरिबीची व्याख्या पोटापासून सुरू केली. माणशी दिवसाला 2,250 कॅलरी मिळायला हव्यात, तर महिन्याला किती खर्च करणाऱ्या घरांत तेवढ्या मिळतात? 1960-61 च्या भावाने उत्तर आलं, खेड्यात माणशी साधारण 15 रुपये आणि शहरात 22 रुपयांच्या पुढेमागे. त्या हिशोबाने खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले सुमारे 50 टक्के लोक रेषेखाली होते. पुढे 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यासाठी 2,400 आणि शहरासाठी 2,100 कॅलरी धरल्या. रेषा सरकली, पण कल्पना तीच राहिली.

या कल्पनेला सर्वांत खोचक प्रश्न विचारला तोही पुण्यातूनच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात काम करत. त्यांचा मुद्दा समजायला एक उदाहरण घेऊ. शंभर धडधाकट माणसं आहेत, प्रत्येक जण स्वतःच्या गरजेइतकंच खातो आणि सगळ्यांची सरासरी 2,250 आहे. यातली जवळपास निम्मी माणसं 2,250 पेक्षा कमीच खाणार, कारण सरासरीचा अर्थच तो. कोणी अंगाने लहान, कोणी बैठ्या कामाचा, कोणी म्हातारा. यांतलं कोणीही उपाशी नाही, तरी सरासरीवर रेषा मारली की निम्मे भुकेले मोजले जातात.

सुखात्मे एवढ्यावर थांबले नाहीत. एकाच निरोगी माणसाचं खाणंसुद्धा दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होतं, आणि हा चढउतार सरासरीच्या सुमारे 15 टक्के असतो, असं ते मांडत. अशा दोन पायऱ्या खाली, म्हणजे सरासरीच्या 30 टक्के खाली जाईपर्यंत शरीर आपलं गणित जमवून घेतं, म्हणून रेषा तिथे हवी. 2,250 च्या जागी 1,575 धरून पाहा, भुकेल्यांची संख्या किती झपकन उतरेल!

दांडेकरांची बाजूही तितकीच पक्की होती. 2,250 ची पट्टी एकेका माणसाला लावलेलीच नव्हती. ती खर्चाच्या गटाच्या सरासरीला लावली होती. हजारो घरांच्या महिन्याभराच्या सरासरीत रोजचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात: एका दिवसाचा चढउतार 15 टक्के असेल आणि दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर तीस दिवसांच्या सरासरीत तो तीन टक्क्यांच्याही खाली येतो. सुखात्म्यांचं उत्तर असं, की दिवस स्वतंत्र नसतातच. आजच्या खाण्यावर कालच्या खाण्याची छाया असते, म्हणून हा चढउतार सरासरीत सहज विरत नाही.

गणित म्हणून सुखात्म्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे. दुसरा मात्र शरीराच्या बाबतीत फार उदार वाटतो. कमी अन्नावर शरीर जमवून घेतं ते फुकट नव्हे. पोर खेळायचं थांबतं, मोठं माणूस दुपारी भिंतीला टेकून बसतं, आणि लहानपणी हे वर्षानुवर्षं चाललं तर उंचीच खुंटते. मग तो खुजा माणूस कमी खातो आणि कागदावर त्याची ‘गरज’ही कमी दिसते.

तरी जागतिक भुकेचा जो आकडा दरवर्षी वर्तमानपत्रात येतो, त्याचा सांगाडा आजही सुखात्म्यांच्या 1961 च्या मांडणीला धरून आहे. देशात पिकलेलं अधिक आयात, वजा निर्यात, बियाणं, जनावरांचा चारा, नासाडी, असं करून माणशी कॅलरी काढतात. घरोघरच्या पाहणीवरून ती किती विषम वाटली जाते त्याचा अंदाज घेतात. मग कमीत कमी गरजेची रेषा मारून तिच्या खालचा हिस्सा मोजतात. ही रेषा अंगाने बारीक पण निरोगी आणि हलकं काम करणाऱ्या माणसाची असते. आपला हमाल 2,500 कॅलरी खाऊन रोज थकून झोपत असेल, तरी तो या मोजणीत भुकेला नाही. 2024 साठीचा अंदाज होता 67 कोटी 30 लाख, म्हणजे जगाच्या 8.2 टक्के. खुद्द अंदाजाची मर्यादाच 63.8 ते 72 कोटी होती. बातमीत ती सहसा गळते.

पाहणीतही खाचखळगे पुष्कळ. घरात महिन्याला किती किलो गहू-तांदूळ आला ते विचारतात आणि तक्त्यावरून कॅलरी काढतात. धुणंभांडी करणाऱ्या बाई मालकिणीकडे जेवल्या तर ते जेवण मालकिणीच्या घरात मोजलं जाण्याची शक्यता असते. श्रीमंत घर जास्त खादाड दिसतं आणि गरीब घर जास्त उपाशी. टपरीवरच्या वडापावात तेल किती, हे खाणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि आठवण किती दिवसांची विचारायची? 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 7 दिवसांची आणि 30 दिवसांची आठवण एकाच कुटुंबाला शेजारी-शेजारी विचारली. लोकांनी एका उत्तराशी दुसरं जुळवून घेतलं, आणि त्या वर्षीचा गरिबीचा आकडा आधीच्या वर्षांशी ताडून पाहता येईना. त्यावर नंतर कितीतरी वाद झाले.

कॅलरीच्या पट्टीला खरी चपराक बसली ती वेगळ्याच बाजूने. 1983 मध्ये ग्रामीण भारतात माणशी सरासरी 2,240 कॅलरी खाल्ल्या जात, 2004-05 मध्ये त्या 2,050 च्या आसपास आल्या. याच काळात खर्चाची ऐपत वाढली होती. मोटेऐवजी पंप आला, बैलाऐवजी ट्रॅक्टर, डोक्यावरच्या हंड्याऐवजी नळ. अंगमेहनत घटली तशी भाकरीही घटली असावी. 2009 मध्ये तेंडुलकर समितीने गरिबीची रेषा कॅलरीशी बांधायचं सोडून दिलं.

आता लोकसंख्येकडे. पोरं कमी झाली की भूक आपोआप जाईल, हे म्हणणं पुण्याच्या कट्ट्यावर अजून ऐकू येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं 2015-16 मध्ये 1.9 होती, 2019-21 मध्ये 1.7 झाली. याच दोन पाहण्यांमध्ये पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेल्या मुलांचं प्रमाण 34.4 टक्क्यांवरून 35.2 वर गेलं. खाणारी तोंडं कमी झाली, उंची तिथेच राहिली. वारंवार होणारे जुलाब आतड्यातलं अन्न अंगी लागू देत नाहीत, आणि आईच गरोदरपणी अशक्त असेल तर बाळ मुळात लहान जन्मतं. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या मातृपोषण अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो आढळलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं सगळीकडून लहान होती, फक्त त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हे कॅलरीच्या एका आकड्यात दिसत नाही.

म्हणून आता भर मुलांच्या उंचीवर आहे. पण पट्टी तिथेही आहेच. 23 महिन्यांच्या मुलग्यासाठी खुरटलेपणाची रेषा 81.0 सेंमी. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं झोपवून मोजायचं असतं, डोकं वरच्या फळीला टेकलेलं, गुडघे हलकेच दाबून सरळ, तळवे खालच्या सरकत्या फळीला सपाट. मूल रडतं, पाय आखडतं, आणि घाईत त्याला उभं करून मोजलं जातं. उभं राहिलं की लांबी साधारण 0.7 सेंमी कमी भरते, तेवढे परत मिळवायचे असतात. मिळवायचे राहून गेले, तर आडवं 81.4 भरणारं मूल उभं 80.7 भरतं आणि नोंदवहीत खुरटलेलं म्हणून जातं.