एसटीपी बांधायला पैसे मिळतात, चालवायला कुठून आणायचे?

पुण्यात जायकाचा, म्हणजे जपानच्या सरकारी मदत संस्थेच्या कर्जातून नदी साफ करायच्या प्रकल्पाचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, एवढं मोठं जपानी कर्ज मिळालं तरी मुठेत मैलापाणी का? उत्तर हवं असेल तर बरंच मागे जावं लागतं, कारण आपल्याकडे मैलाशुद्धीकरण केंद्रं (एसटीपी) कोणाच्या पैशाने बांधायची आणि मग कोणी चालवायची हा घोळ जुनाच आहे.

१९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली, सगळा बांधकाम खर्च केंद्राने केला. प्लांट उभे राहिले पण चालवायचा खर्च राज्यांच्या आणि पालिकांच्या गळ्यात आला, आणि तिथेच गाडी अडली, कारण एसटीपीला पंप आणि हवा सोडणारे ब्लोअर रात्रंदिवस लागतात म्हणजे वीजबिल दर महिन्याला, ते थकलं की पाणी न शुद्ध करताच नदीत. नंतर १९९५ ला राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आली, केंद्र-राज्य वाटा कधी निम्मा-निम्मा, कधी ७०:३० असा बदलत राहिला, पण भांडण सगळं बांधकामाच्या पैशावरच, चालवायच्या पैशाची सोय कोणी धड केलीच नाही.

तोवर पालिकांचा स्वतःचा खिसाही आटत गेला. महाराष्ट्रात महापालिकांचा मोठा आधार म्हणजे जकात, रोजच्या रोज रोख. ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही जकात संपली. मग सरकारकडून येणाऱ्या भरपाईची वाट बघायची. मालमत्ता कराच्या बिलात मलनिस्सारण कर असतो खरा, पण तो वाढवायची हिंमत निवडणुकीच्या तोंडावर कोण करणार?

बाजारातून पैसे उभे करायचा रस्ता अहमदाबादने दाखवला, १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे कर्जरोखे, पाणी आणि ड्रेनेजच्या कामांसाठी. पुण्याने २०१७ ला २०० कोटी काढले, पण ते समान पाणीपुरवठ्यासाठी. सांडपाण्यासाठी रोखे काढायचे तर परतफेडीला दिसणारं उत्पन्न हवं, म्हणून गाझियाबादचं २०२१ चं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, १५० कोटींचे ग्रीन बॉन्ड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे), सांडपाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना विकायचं. आपल्याकडे नागपूरने भांडेवाडीच्या एसटीपीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला द्यायची सोय केली, वीज केंद्राला धरणातलं पाणी कमी लागतं, महापालिकेलाही पैसे मिळतात. हे मॉडेल अजून कितीतरी शहरांनी उचलायला हवं होतं!

माझ्या मते खरा बदल २०१६ ला झाला, केंद्राच्या नमामि गंगे या गंगा स्वच्छतेच्या योजनेत हायब्रीड अॅन्युइटी पद्धत मंजूर झाली तेव्हा. म्हणजे कंपनीला बांधताना ४० टक्के आणि उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्यांनी, तेही प्लांट नीट चालला तर. वाराणसी आणि हरिद्वारपासून सुरुवात झाली. बांधून निघून जाणाऱ्याला यात जागाच नाही.

आता परत पुणे. जायकाशी करार जानेवारी २०१५ मध्ये झाला, सुमारे १९०६ कोटी येन, व्याज फक्त ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत आणि त्यातली पहिली १० वर्षं मुद्दल फेडायला सवलत. कर्ज केंद्राने घेतलं, पालिकेला ८५ टक्के अनुदान म्हणून मिळणार, स्वतःचे १५ टक्के घालायचे. याहून स्वस्त पैसा कुठे मिळणार सांगा! तरी ९९० कोटींचा प्रकल्प टेंडरच्या फेऱ्यांत अडकला, निविदा अंदाजाच्या कितीतरी वर आल्या म्हणून रद्द झाल्या, मूळ मुदत जानेवारी २०२२ ची होती आणि भूमिपूजन झालं मार्च २०२२ मध्ये, तोवर खर्च १४७० कोटींच्या पुढे. यावेळी ११ केंद्रं 'एक शहर एक ऑपरेटर' पद्धतीने एकाच ठेक्यात आहेत, बांधायचीही आणि चालवायचीही, त्यामुळे निदान चालवणार कोण हे तरी ठरलंय. ते चालवायचे पैसे दरवर्षी बजेटमध्ये वेगळे बाजूला ठेवले जातात का, हे पुणेकरांनी आत्तापासून विचारायला पाहिजे, ठेक्याची मुदत संपायची वाट बघून नाही.