हरण्याची सवय लागत नाही

गेल्या ऑक्टोबरमध्ये धुळ्यात पांझरेकाठच्या एका मैदानावर शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सराव पाहत उभा होतो. शेजारी बसलेले एक पालक खिन्नपणे अहिराणीत म्हणाले, "पोऱ्हेस्ले हारानी सवय लागी गयी." म्हणजे पोरांना हरण्याची सवय लागून गेली. संघाला सलग पाच सामन्यांत एकही विजय मिळालेला नव्हता, आणि बचावफळीतील मुले चेंडू पायाशी येताच समोर कोण आहे हे न पाहता तो बाहेर टोलवत होती. त्या गृहस्थांची काळजी खरी होती. तरीही त्यांच्या वाक्यातील 'सवय' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना, कारण पराभवाने माणूस हार मानायला शिकतो ही समजूत मेंदूविज्ञानाने अक्षरशः उलटी करून दाखवली आहे.

या समजुतीला शास्त्रीय आधार मिळाला तो १९६७ मध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचतानाही अस्वस्थ व्हायला होते. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचे झटके बसत आणि डोक्याने शेजारची फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तितकेच आणि तितकाच वेळ झटके बसत, पण त्यांनी काहीही केले तरी फरक पडत नसे. तिसऱ्या गटाला झटके दिलेच नाहीत. त्यानंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका होत होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातील सुमारे दोन तृतीयांश कुत्री मात्र जागीच पडून राहिली. आपल्या हातात काही नाही हे ती शिकली, असा निष्कर्ष निघाला आणि 'शिकलेली असहायता' ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ झाली.

मायर पुढे कोलोरॅडो विद्यापीठात गेले आणि उंदरांच्या मेंदूत या असहायतेचा माग काढत राहिले. मेंदूच्या खोडात डॉर्सल राफे नावाचे पेशींचे एक छोटे केंद्र असते. त्रास लांबला की हे केंद्र आपोआप चेतवले जाते, मेंदूच्या इतर भागांत सेरोटोनिन हे रसायन सोडते, आणि त्यामुळे एकीकडे भीती वाढते तर दुसरीकडे धडपड थंडावते. यासाठी काहीही शिकावे लागत नाही. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणे ही सस्तन प्राण्याची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते याच्या नेमके विरुद्ध. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात मधोमध आणि खालच्या बाजूला असलेला एक पट्टा, ज्याला वेंट्रोमिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, 'मी हे केले म्हणून ते थांबले' हा संबंध हेरल्यावर खाली डॉर्सल राफेकडे संदेश पाठवून त्याला आवर घालतो. हा पट्टा औषधाने तात्पुरता बधिर केला, तेव्हा झटके स्वतः थांबवू शकणारे उंदीरही असहाय झाले. आणि त्रास हाताबाहेरचा असताना तोच पट्टा कृत्रिमरीत्या चेतवला, तेव्हा उंदीर असहाय झाले नाहीत. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट : ज्या उंदरांना आधी एकदा नियंत्रणाचा अनुभव मिळाला होता, ते नंतरच्या, खरोखरच हाताबाहेरच्या त्रासातही खचले नाहीत. नियंत्रणाचा अनुभव लसीसारखा काम करतो. २०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी मिळून लिहिलेल्या लेखात आपला मूळ सिद्धान्त उलटा होता हे स्वच्छ शब्दांत मान्य केले.

उंदीर आणि चौदा वर्षांचा मुलगा यांत अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे : खचलेल्या संघाकडून काही विसरून घ्यायचे नसते, तर आपल्या कृतीने काहीतरी घडते हा अनुभव त्याला पुन्हा द्यायचा असतो. इथेच अडचण येते, कारण फुटबॉलचा निकाल हा त्या अनुभवाचा फार वाईट शिक्षक आहे. या खेळात गोल थोडे होतात, आणि जिथे मोजणी लहान असते तिथे योगायोगाचा वाटा मोठा असतो. समजा, तुल्यबळ असलेले दोन संघ सरासरी प्रत्येकी १.२ गोल करतात. प्वासाँच्या सूत्राने (थोड्या वेळा घडणाऱ्या घटनांच्या शक्यता काढण्याच्या गणिती सूत्राने) हिशेब केला तर बरोबरीची शक्यता सुमारे २८ टक्के आणि प्रत्येकाच्या विजयाची सुमारे ३६ टक्के येते. म्हणजे एखादा सामना न जिंकण्याची शक्यता ६४ टक्के. हा ०.६४ पाच वेळा स्वतःशी गुणला की सुमारे ०.११ उरतो. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा तसूभरही कमी नसलेल्या संघाच्या वाट्यालाही पाच सामन्यांचा दुष्काळ नवात एकदा केवळ योगायोगाने येऊ शकतो.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे अतिशय वाईट काळानंतरचा काळ बहुधा बरा असतो, मग मध्ये काही करा अथवा न करा. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीत हा सरासरीकडे परतण्याचा नियम दाखवला. त्या मैदानावर गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधलेली होती. पुढचा सामना संघ जिंकला असता तर श्रेय लिंबाला गेले असते, आणि हजारो रुपये घेऊन तासभर गर्जणाऱ्या प्रेरणादायी वक्त्याला बोलावले असते तर त्याला. मुलांच्या मनात यातून एवढेच ठसते की उपाय आपल्या पायांत नसून बाहेर कुठेतरी आहे, आणि म्हणून हे प्रकार मला निरुपद्रवी वाटत नाहीत.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे वेगळे सांगावे लागत नाही : बाजारभाव आणि मे महिन्यातील वादळ त्याच्या हातात नसते, ठिबकचे पाणी आणि खताची मात्रा असते. संघाच्या हातात काय असते? चेंडू गमावल्यावर पाच सेकंदांत तिघांनी मिळून दबाव आणणे, पास देण्याआधी मान वर करून पाहणे, थ्रो-इन आपल्याच खेळाडूकडे पोहोचवणे. या गोष्टी वहीत मोजता येतात, आणि ०–२ ने हरलेल्या सामन्यातही त्यांचा आकडा वाढू शकतो. सरावात चौघांनी एकाला चकवत पास खेळावेत. दहा सहज जमले की जागा थोडी लहान करावी. काम इतके सोपे नको की कृती आणि फळ यांचा संबंध जाणवणारच नाही, आणि इतके अवघडही नको की तो तुटेल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले, त्यांत स्वतः केलेल्या कामाचे यश सर्वांत प्रबळ मानले. दुसऱ्याने दिलेला शाब्दिक धीर त्यापुढे दुबळा ठरतो.

इंग्लंडचा पुरुष संघ १९९०, १९९८ आणि २००६ च्या विश्वचषकांत पेनल्टी शूटआउटमध्ये हरला होता. पुढे या संघाचे प्रशिक्षक झालेले गॅरेथ साउथगेट यांनी स्वतः १९९६ च्या युरो स्पर्धेत निर्णायक पेनल्टी चुकवली होती. त्यांच्या हाताखाली संघाने शूटआउटला लॉटरी न मानता सरावाचा विषय मानले, आणि २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध ४–३ असा विजय मिळवला. त्यातही एक पेनल्टी चुकलीच होती. एका विजयाने काही सिद्ध होत नाही, हे वर मांडलेल्या गणितामुळे मलाही मान्य करावे लागते; पण चेंडू ठेवणे, मागे जाणे, श्वास घेणे आणि दिशा ठरवणे ही सारी गोलकीपरच्या नव्हे, तर मारणाऱ्याच्या ताब्यातील कामे आहेत, ही त्यामागची दृष्टी योग्य होती.

बांडुरा यांच्या यादीत शरीराची अवस्था हाही एक स्रोत आहे, आणि खानदेशात तो विशेष लक्षात घ्यायला हवा. उन्हात त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, म्हणून तेवढ्याच धावण्याला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. आधीच बिचकलेला मुलगा ती धडधड ऊन म्हणून न वाचता भीती म्हणून वाचतो. त्या संघाचा सराव दुपारी तीनला सुरू होत असे. प्रशिक्षकांना मी पहिली विनंती केली ती सराव सकाळी साडेसहाला घेण्याची, आणि दुसरी, वहीत गोलांऐवजी परत मिळवलेले चेंडू लिहिण्याची.